खडकासमोरचं पाणी

त्या सरोवराचं नाव मी इथे लिहीत नाही. आता तसं कलमच आहे. लडाखात आहे, चौदा हजार फुटांवर आहे, शंभरावर किलोमीटर लांब आहे, आणि मध्येच कुठेतरी दोन देशांची सीमा एका काठाने पाण्यात उतरते नि दुसऱ्या काठाने वर निघते. एवढ्यावरून कोणालाही ओळखता येईल. येऊ दे. मला सरोवराबद्दल सांगायचंच नाही, माझ्या पोटदुखीबद्दल सांगायचं आहे.

मी हेमंत कारखानीस, राहणार नाशिक. एकोणीस वर्षं मी दर शरदात त्या सरोवराचे फोटो काढले. दिवसाला एक प्लेट, जास्त नाही. माझा कॅमेरा लाकडी, भात्याचा, तीन पायांच्या तिकाटण्यासकट अकरा किलोंचा. दक्षिण काठावर गावापासून पश्चिमेला वीस मिनिटांवर एक तपकिरी खडक आहे, तिथे मी उभा राहायचो. समोर वाळूचा दांडा आडवा असल्यामुळे पहाटे वारा अडतो आणि पंधरा-वीस मिनिटं पाणी अगदी स्थिर होतं. ही जागा मला चौथ्या वर्षी सापडली आणि मी ती कोणाला दाखवली नाही. ठाऊक होती ती फक्त माझ्या बायकोला, मुग्धाला, तीही नकाशावर. ती कधी आली नव्हती. तिचा डावा गुडघा दुखायचा, आणि खरं सांगायचं तर मीही कधी आग्रह केला नव्हता.

ज्यांनी असा कॅमेरा पाहिला नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. त्याच्या मागे दुधी काच असते. डोक्यावरून काळं फडकं घ्यायचं आणि त्या काचेवर चित्र बघायचं. चित्र उलटं पडतं. डोंगर वरून लोंबतात, आकाश खाली असतं, आणि डावीकडचं सगळं उजवीकडे गेलेलं असतं. नवख्याला गरगरतं. मला मात्र तीस वर्षांच्या सवयीने उलटं चित्र सरळ चित्राइतकंच वाचता यायचं. लोक वर्तमानपत्र वाचतात तसं. याचा मला फार अभिमान होता.

मुग्धा प्रकाशशास्त्रातली. आधी कॉलेजात शिकवायची, मग पुण्याच्या एका संशोधन संस्थेत गेली. एकदा माझ्या प्लेटांचे खोके लावताना ती म्हणाली होती, "सातशे चाळीस प्लेटा झाल्या रे. यात माझी एक नाही."

"तू कुठे सरोवर आहेस?" मी म्हणालो होतो.

ती हसली होती. मीही हसलो होतो. मला वाटलं होतं, विषय संपला.

*

पराग देवस्थळी आमच्या घरी पहिल्यांदा आला तो एका रविवारी सकाळी, काखेत एक गुंडाळी घेऊन. मुग्धाचा एम.एस्सी.चा वर्गमित्र. पन्नाशी उलटलेला, पण पोट नाही. त्याने आमच्या जेवणाच्या टेबलावरची मिठाची बरणी स्वतःच उचलून बाजूला ठेवली आणि गुंडाळी पसरली. राखाडी, पातळ, किंचित खरखरीत. आम्ही लहानपणी शाई टिपायला वापरायचो तसा कागद.

"आम्ही याला टिपकागदच म्हणतो," पराग म्हणाला. "हेमंतराव, तुमचा कॅमेरा काय करतो? एका जागी उभा राहतो आणि एका क्षणी डोळा उघडतो. जागा चुकली किंवा क्षण चुकला की संपलं."

"त्यालाच फोटो काढणं म्हणतात."

मुग्धा हसली. कोणाच्या बाजूने हसली ते मला कळलं नाही, आणि ते मला लागलं.

परागने मग समजावून सांगितलं, आणि कबूल करतो, छान सांगितलं. साधा कॅमेरा कुठल्या ठिकाणी किती प्रकाश पडला एवढंच टिपून ठेवतो. तो किरण कुठल्या दिशेने आला हे तो विसरतो. टिपकागदावर कोट्यवधी सूक्ष्म भिंगं आहेत, आणि प्रत्येक भिंग आलेल्या किरणाची दिशाही नोंदवतं आणि वेळही. असे दोनशे बारा कागद सरोवराच्या आपल्या हद्दीतल्या दोन्ही काठांवर ताणून लावायचे. कुठला किरण कुठून कुठे चालला होता हे एकदा कळलं, की गणिताने मागे जाता येतं. अमक्या दिवशी, अमक्या वेळी, अमक्या जागी कोणी उभं असतं तर त्याला काय दिसलं असतं, ते दाखवता येतं. प्रत्यक्षात तिथे कोणी उभं नसलं तरी. शिवाय दोनशे कागद मिळून कोसभर रुंदीच्या एका भिंगाचं काम करतात, त्यामुळे या काठावरून पलीकडच्या काठावरच्या माणसाच्या टोपीचा रंगही ओळखता यावा.

"मग फोटो कोणी काढायचा?" मी विचारलं.

"कोणीही. नंतर. घरी बसून."

माझा चहा गार झाला होता. मी तो तसाच प्यायलो.

सरकारांना हे हवं होतं ते बर्फ आणि पाण्याची पातळी मोजायला. दोन्ही देशांच्या नद्यांचा प्रश्न होता, त्यामुळे एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या लोकांनी एक संयुक्त सीमा-आयोग नेमला होता. अडचण एवढीच होती की प्रकाशाला सीमा कळत नाही. पलीकडच्या चौकीवरून निघालेला किरण आपल्या कागदावर येणार आणि नोंदला जाणार. म्हणून अट पडली की नोंदीत माणूस दिसता कामा नये, आणि माणसाच्या हातचं काही दिसता कामा नये. सैनिक, गुराखी, तंबू, जीप, चौकी, सगळं कागदावरच, साठवण्याआधीच पुसलं गेलं पाहिजे आणि त्याजागी मागची जमीन भरली गेली पाहिजे.

"त्या खोडरबरासाठी मला मुग्धा हवी आहे," पराग म्हणाला. "असं काम करणारं दुसरं माणूस देशात नाही."

ते खरं होतं. तिच्या तोंडावर मी हे इतक्या वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. परागने आमच्या टेबलावर बसून सहज म्हणून टाकलं, आणि मुग्धाचे कान लाल झाले. लग्नाआधी व्हायचे तसे.

*

जूनमध्ये ती लडाखला गेली. गुडघ्याला पट्टा बांधून, चार महिन्यांसाठी. जिथे मी एकोणीस वर्षं एकटा जात होतो तिथे माझी बायको माझ्याशिवाय गेली, आणि मी नाशिकला कुंड्यांना पाणी घालत राहिलो. त्या वर्षी सरोवराच्या काठावर बाहेरच्या छायाचित्रकारांना बंदी होती. माझा अर्ज आयोगाने दोन ओळींत परत पाठवला.

ती रोज फोन करायची. पहिल्या आठवड्यात सरोवराबद्दल बोलायची. मग बोलण्यात "पराग म्हणतो" यायला लागलं. पराग म्हणतो इथलं निळं हे निळं नाहीच. पराग म्हणतो सकाळचं पाणी वेगळं असतं. अरे, सकाळचं पाणी वेगळं असतं हे मी तुला पहिल्या खेपेला तिथून आल्यावरच सांगितलं होतं. मी तोंडाने "हो का" म्हणायचो आणि आतून जळायचो. परागची झोपडी, म्हणजे त्यांचं यंत्रघर, गावाच्या पूर्वेला होतं आणि मुग्धा गावात एका आमालेच्या घरी राहायची, हे मी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं. आमाले म्हणजे तिथली घरमालकीण, साठीची. तिलाही फोनवर एकदा विचारलं, "मॅडम वेळेवर झोपतात ना?" आमाले म्हणाली, "मॅडम बहुत काम करती है." मला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही.

याच दिवसांत माझं काळं फडकं सापडेनासं झालं. खुंटीवर नव्हतं, पेटीत नव्हतं. कामाच्या बाईंना विचारलं तर त्या रागावल्या. "तुमच्या वस्तूला मी हात लावत नाही, साहेब," म्हणाल्या. मी तोही राग परागच्या खाती टाकला.

नऊ ऑक्टोबरला मुग्धाचा फोन आला. आवाज दबलेला आणि कसल्या तरी आनंदात. "अकराला सकाळी फोन करू नकोस हं," ती म्हणाली. "काम आहे."

"कसलं?"

"आहे. आल्यावर सांगेन."

पंचवीस वर्षांच्या संसारात तिने "आल्यावर सांगेन" असं कधी म्हटलं नव्हतं. तिला पोटात काही ठेवता येत नाही. मी तो दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने बारीक ठिपका देऊन ठेवला.

*

नोंद सर्वांसाठी खुली झाली ती ऑक्टोबरच्या मध्यावर. एका आठवड्यात सगळीकडे सरोवरच सरोवर. जळगावचा एक दंतवैद्य, ज्याने आयुष्यात बर्फ फक्त सरबतात पाहिला, त्याने दोन रुग्णांच्या मधल्या वेळात पाण्याच्या मधोमध "उभं राहून" एक फोटो निवडला. समोर सीमेपलीकडची बर्फाची शिखरं, खाली गुळगुळीत पाणी, त्यावर वाऱ्याने ओढलेली एकच रेघ आणि तिच्यात उतरलेला सूर्य. मी तो फोटो तासभर बघत होतो. त्यात खोट सापडावी म्हणून बघत होतो. खोट नव्हती. माझ्या सातशे चाळीस प्लेटांत त्याच्या जवळपास जाणाऱ्या चार असतील.

मग मीही टॅब्लेट घेऊन बसलो. एक पथ्य मात्र पाळलं. माझा खडक आणि त्याच्या समोरचं पाणी मी त्या यंत्रात उघडायचं नाही. बाकी सगळं सरोवर जगाला वाटून टाकलं, तेवढा तुकडा माझा राहू दे. हा माझा हट्ट होता.

सरोवर खरंच निर्मनुष्य दिसत होतं. गाव नाही, रस्ता नाही, याक हाकणारा नाही. मुग्धाचं खोडरबर इतकं सफाईदार होतं की मला तिचा अभिमान वाटला, आणि लगेच आठवलं की हे परागलाही वाटलं असणार.

तिसऱ्या दिवशी, उत्तर काठावरून गावाकडे बघत असताना, मला पाण्यात कोणीतरी चालताना दिसलं.

काठ रिकामा होता. पण काठाखालच्या स्थिर पाण्याच्या पट्टीत एक माणूस पाय वर, डोकं खाली असा चालत होता, आणि त्याच्यामागे सात बकऱ्या. मी तेच दृश्य पुन्हा लावलं. मग कळलं. खोडरबराला माणूस ओळखायला शिकवलं होतं ते सरळ माणसाच्या चित्रांवर. प्रतिबिंबातलं उलटं माणूस त्याला माणूस वाटतच नव्हतं. एरवी वाऱ्याने पाणी हलतं आणि प्रतिबिंब मोडतं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नसावं. पहाटेच्या त्या थोड्या मिनिटांत मात्र सगळं उघडं होतं. दुसऱ्या कोणाला ते काठाच्या सावलीतले डाग वाटले असते. मी तीस वर्षं उलटं जगच वाचत आलेला माणूस.

पुढचे दोन दिवस मी जेवणाकडे लक्ष दिलं नाही. उलटे गुराखी पाहिले, उलटी गस्त पाहिली, आपली आणि दूर, बारीक, त्यांचीही. एक उलटा जवान उलट्या दगडावर बसून पत्र वाचत होता. मग मी अकरा ऑक्टोबर उघडला. त्यासाठीच तर बसलो होतो.

सकाळचे सहा. गावासमोर चादरीएवढी स्थिर पाण्याची पट्टी, आजूबाजूला लाटा. पट्टी पडदाभर मोठी केली आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने टॅब्लेट हातात उलटा फिरवला, म्हणजे माणसं सरळ दिसावीत. दोघं होती. लाल टोपीवाला पराग. आणि मुग्धा. तिला मी धुक्यातही ओळखेन. तिच्या खांद्यावरून काहीतरी काळं घसरलं. परागने वाकून ते उचललं, झटकलं आणि तिच्या खांद्यांवर नीट घातलं. त्याचा कोट असणार. ती काहीतरी बोलली, तो हसला. मग ती एकटीच डावीकडे चालू लागली, सावकाश, आणि पट्टीच्या बाहेर गेली. थोड्या वेळाने तोही त्याच दिशेने गेला.

उत्तरेकडून दक्षिणेला बघताना डावा हात म्हणजे पूर्व. पूर्वेला परागची झोपडी.

मी टॅब्लेट सरळ केला आणि दृश्य झोपडीकडे सरकवलं. तिथे वाऱ्याने पाणी विस्कटलेलं होतं, काही दिसत नव्हतं. जे दिसत नव्हतं ते माझ्या डोक्याने भरून काढलं. खोडरबरही तसंच करतं.

एकच गोष्ट खटकली. मुग्धाचा डावा गुडघा दुखतो, आणि पाण्यातली मुग्धा उजवा पाय जपून टाकत होती. ते मी पाहिलं, आणि सोडून दिलं. एवढा संताप आलेला असताना गुडघे कोण मोजतो?

*

पंचवीस ऑक्टोबरला मी आयोगाला पत्र लिहिलं. नाव घातलं नाही, "एक जबाबदार नागरिक" असं लिहिलं. प्रतिबिंबात गस्ती दिसतात, तारखा नि वेळा अशा अशा. माझ्या बायकोचं नाव कुठे आलं नाही. अकरा तारीख मी यादीत घातली नाही. हे देशाच्या सुरक्षेसाठी आहे, असं मी स्वतःला लिहिताना दोनदा सांगितलं आणि पाठवून झाल्यावर आणखी एकदा. खरं एवढंच होतं की मला ते सरोवर परागच्या हातून काढून घ्यायचं होतं, आणि तिलाही.

दोन दिवसांत नोंद बंद झाली. चौथ्या दिवशी जुन्या सगळ्या पहाटा, स्थिर पाण्यासकट, कायमच्या पुसल्या गेल्याचं आयोगाने जाहीर केलं. दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांसमोर, एकही प्रत न ठेवता. सरोवराचं नाव छापायलाही मनाई झाली.

मुग्धा एकतीस तारखेला परत आली. मी स्टेशनवर गेलो होतो. ती खंगली होती आणि गालांवर उन्हाचे काळे डाग होते. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "मला काढलं."

"चूक कोणाचीही होऊ शकते," मी म्हणालो. मी हे किती समजूतदारपणे म्हणालो ते आठवलं की अजून शरम वाटते.

"चुकीसाठी नाही काढलं. चूक मला नऊ तारखेलाच सापडली होती. तेरापासूनची नोंद आम्ही दुरुस्तही केली. पण जुन्या पहाटा लगेच पुसायच्या नाहीत, थोडे दिवस ठेवायच्या, असं मी ठरवलं. परागने माझ्यासाठी ऐकलं. चौकशीत ते सगळं लेखी आलं. माहीत असून दडवलं, असं."

"का ठेवायच्या होत्या?"

ती बाहेर बघत राहिली. "आता काय त्याचं," म्हणाली.

मला वाटलं, त्याचं कारण मला ठाऊक आहे. मी मनात म्हटलं, आठवण म्हणून. त्या सकाळची आठवण म्हणून. आणि रिक्षाची दांडी घट्ट धरली.

संध्याकाळी परागचा फोन आला. त्याचंही काम गेलं होतं. "हेमंतराव," तो म्हणाला, "तिला जपा. कोणीतरी फार बारीक डोळ्याच्या माणसाने हे पकडलं. मला तर चित्र दाखवूनही आधी दिसेना." त्याला माझा संशय आलेला नव्हता. या माणसाचा चांगुलपणाही मला सहन झाला नाही.

*

चार नोव्हेंबरला माझा अठ्ठावन्नावा वाढदिवस. मुग्धाने सकाळी शिरा केला. खाऊन झाल्यावर ती आत गेली आणि एक घडी केलं काळं कापड घेऊन आली. वर एक पाकीट.

"द्यायचं की नाही, चार दिवस विचार करत होते," ती म्हणाली. "आता त्याचा उपयोग नाही. पण तुझ्यासाठीच होतं, म्हणून घे."

काळं कापड म्हणजे माझं फडकं. कोपऱ्यात मीच घातलेलं ठिगळ.

"हे तू नेलं होतंस?"

"जूनमध्येच. तिथे नुसतं जवळ असावं म्हणून नेलं. मग उपयोगी पडलं. वारा होता त्या दिवशी, सारखं खांद्यावरून पडत होतं. परागने एकदा उचलून दिलं."

मी पाकीट उघडलं. तिच्या अक्षरात तीन ओळी होत्या. अकरा ऑक्टोबर. सकाळी सहा वाजून वीस मिनिटं. तुझा खडक, पाणी बघ.

"मी खडकावर गेले होते," मुग्धा म्हणाली. "पराग मागून आला, वेळ सांगायला. तिकाटण्याच्या पायांच्या खुणेसाठी तू मांडलेल्या तीन दगडांत उभी राहिले. आधी फडकं डोक्यावर घेऊन, तू घेतोस तसं. मग ते काढून दहा मिनिटं नुसती समोर बघत. काठावरून मी पुसली जाणार होते, पण पाण्यात राहणार होते. म्हटलं, उलटं माणूस वाचणारा जगात एकच आहे. त्याच्या सरोवरात एकदा तरी मी असेन. वाढदिवसाला तुला वेळ आणि जागा द्यायची, तू बघायचंस, मग सगळं पुसून टाकायचं. फक्त तेवढ्यासाठी ठेवलं होतं रे. एवढा मूर्खपणा मी आयुष्यात केला नव्हता."

खडक पश्चिमेला. म्हणजे ती उजवीकडे गेली होती.

मी चिठ्ठी हातात घेऊन बसलो आणि सगळं एकदम उलगडलं. दुधी काचेवर चित्र उलटं पडतं तेव्हा वरचं खाली जातं आणि डावंही उजवीकडे जातं. दोन्ही. म्हणून ती प्लेट हातात फिरवली की सगळं जागच्या जागी येतं. पाणी तसं करत नाही. पाण्यात फक्त वरचं खाली जातं. डावं डावीकडेच राहतं, उजवं उजवीकडे. मी टॅब्लेट फिरवला आणि बरोबर असलेली दिशा चुकवून घेतली. म्हणून तिचा डावा गुडघा उजवा झाला होता. एखाद्या पोराने ते चित्र न फिरवता पाहिलं असतं तर त्याला बरोबर कळलं असतं. चूक करायला माझ्याएवढा तयार डोळा लागला.

आणि खडकासमोरचं ते पाणी मी उघडलंच नव्हतं. आता ते कुठेही नव्हतं.

"बोल ना काहीतरी," ती म्हणाली. "रागावलास?"

मी उठलो. "बस," म्हटलं. "त्या खुर्चीवर. तुझा फोटो काढतो."

"आता?" ती संकोचली, पण बसली. हातांनी केस मागे सारले. डोळे भरलेले होते आणि चेहऱ्यावर थोडं हसूही आलं होतं. मी कॅमेरा तिकाटण्यावर चढवला, भाता पुढे ओढला आणि काळं फडकं डोक्यावर घेतलं. फडक्याला धूर आणि याकच्या लोणी-चहाचा वास येत होता. काचेवर मुग्धा आली, डोकं खाली, हात मांडीवर, त्या काचेवर पहिल्यांदाच. मी भिंग पुढेमागे करून तिचे डोळे नेमके केले.

तिथून, काळोखातून, मला तिच्याकडे न बघता तिच्याकडे बघता येत होतं. बाहेर येऊन मला ते सांगता आलं नसतं.

"मुग्धा, तक्रार मी केली होती."

काचेवर ती हलली नाही.

"मी तुम्हा दोघांना पाण्यात पाहिलं. मला वाटलं, तू परागच्या झोपडीकडे गेलीस."

हसू हळूहळू गेलं. उलट्या चेहऱ्यावरही मला ते स्पष्ट वाचता आलं. मी तिच्या प्रश्नाची वाट बघत राहिलो. नुसतं "का" म्हणाली असती तरी चाललं असतं. मग ती खुर्चीच्या हातांना धरून उठली, डावा गुडघा सांभाळत, आणि काचेवर डावीकडे चालत काठाबाहेर गेली.

आमच्या खोलीत डावीकडे स्वयंपाकघर आहे. क्षणभर मनात आलं, पाणी प्यायला गेली असेल. चहा टाकायला गेली असेल.

पण मी काचेसमोर होतो, पाण्यासमोर नव्हतो. काचेवरचं डावं म्हणजे खरं उजवं, आणि उजवीकडे दार आहे. या वेळी मला दिशा बरोबर कळली. कडी वाजली तेव्हाही मी फडक्यातून डोकं बाहेर काढलं नव्हतं. प्लेट अजून घातलीच नव्हती. काचेवर फक्त खुर्ची होती, पाय वर केलेली.